उतारवयातलं वजन आणि आपली गल्ली : बेळगाव सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साठी उलटलेल्या माणसाचं वजन वाढलं की घरातले सगळे त्याच्या ताटाकडे बघतात. घटलं की 'आता वय झालं' म्हणून विषय मिटतो. दोन्ही वेळा उंबऱ्याबाहेर मात्र कुणी डोकावत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातल्या घरांतून जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. माझी एकच विनंती आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बोल लावण्याआधी त्याच्या दारापासून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत एकदा त्याच्या चालीनं चालून बघा.

वजन वाढतं ते खाण्यानं. त्यात गल्लीचा काय संबंध?

खाल्लं किती आणि खर्च झालं किती, हाच हिशेब आहे हे खरं. पण साठीनंतर खर्चाची बाजू जवळपास सगळी चालण्यावर येते. नोकरी सुटलेली असते, शेतातलं काम मुलाकडे गेलेलं असतं, गाडी चालवणं बंद झालेलं असतं. रोजचं जग घराभोवतीच्या चार-पाचशे मीटरमध्ये येऊन थांबतं. तेवढ्या टापूत देऊळ, भाजीवाली, किराणा दुकान, टेकायला कट्टा आणि ओळखीची चार माणसं असली, तर दिवसातून तीन-चार वेळा पाय आपसूक बाहेर पडतात. यातलं काहीच नसलं की माणूस खुर्चीत बसतो, आणि बसलेल्या माणसाला दर दोन तासांनी चहा-बिस्किटं आठवतात.

शेजार आणखीही काही ठरवतो. जवळपास काय विकत मिळतं, रात्री झोप लागते की रहदारी जागं ठेवते, संध्याकाळी बाहेर पडायची भीती वाटते की नाही, हे सगळं शेवटी वजनकाट्यावर दिसतं.

आमचे अण्णा शहापूरच्या गल्लीतलं घर सोडून शहराबाहेरच्या नव्या लेआऊटमध्ये आमच्याकडे राहायला आले. घर मोठं, हवा चांगली, जेवण तेच. तरी वर्षभरात पोट सुटलं. असं का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

जुन्या गल्लीतला त्यांचा दिवस आठवा. सकाळी दूध आणायला एक फेरी. मग मारुतीच्या देवळात. परत येताना पेपर चाळायला न्हाव्याच्या दुकानात टेकणं. अकराच्या सुमारास भाजी. संध्याकाळी कट्ट्यावर बसायला, आणि तिथून कुणाच्या तरी घरी. यातली एकही गोष्ट त्यांनी व्यायाम म्हणून केली नव्हती. एकेक फेरी पाचशे पावलांची धरली तरी चार फेऱ्यांची दोन हजार पावलं होतात, म्हणजे वीस मिनिटांचं चालणं. साठ किलोच्या माणसाची त्यात साठ-सत्तर कॅलरी खर्च होतात. एका दिवसाला हा आकडा किरकोळ आहे. तोच रोज वाचत राहिला तर वर्षाकाठी कागदावर तीन किलोंच्या आसपास जातो. शरीर थोडं जुळवून घेतं, म्हणून काट्यावर त्याहून कमी दिसतं, पण दिसतं नक्की.

आता लेआऊटमधला दिवस बघा. रस्ते रुंद आहेत, पण जायचं कुठे? मधले निम्मे प्लॉट मोकळे, त्यात कमरेएवढं गवत. दूध दारात येतं, किराणा फोनवर येतो, देवळाला न्यायला रविवारी नातू गाडी काढतो. वाटेत हाक मारणारं कुणी नाही. घरच्यांनी सगळं प्रेमापोटीच केलेलं असतं, आणि त्याच प्रेमातून अण्णांचे पाय थांबतात.

यावर उपाय आहेत. दूध, पेपर, देवाची फुलं, नातवंडाला शाळेच्या बसपर्यंत सोडणं, यांतलं एक तरी काम कायमचं त्यांच्याकडे ठेवा. 'राहू द्या, मी आणतो' हे वाक्य घरात बंद करा. आठवड्यातून एक-दोनदा त्यांना जुन्या गल्लीत न्या आणि दारात न सोडता गल्लीच्या तोंडाशी उतरवा. पुढचं ते बघतील. ओळखीची दहा माणसं भेटेपर्यंत त्यांची वाट संपायची नाही. लेआऊटमध्ये त्यांच्याच वयाचं कोण कोण आहे ते तुम्ही स्वतः फिरून शोधा आणि ओळख करून द्या. नव्या जागी म्हातारी माणसं आपणहून कुणाचं दार वाजवत नाहीत.

हे सगळं अभ्यासातून सिद्ध झालंय, की नुसता अंदाज?

अभ्यास बरेच झाले आहेत, बहुतेक अमेरिका-कॅनडातले. पोर्टलँड शहरात ५० ते ७५ वयाच्या लोकांवर केलेला एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. ज्या वस्त्यांत घरं, दुकानं आणि इतर सोयी मिसळून होत्या, तिथे जादा वजनाचं प्रमाण कमी आढळलं. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात २००१ ते २०१२ या काळात ३० ते ६४ वयोगटाची पाहणी झाली. चालण्याजोग्या वस्त्यांत स्थूलतेचं प्रमाण फारसं हललं नाही, बाकीच्या वस्त्यांत ते वाढत गेलं.

इथे एक रास्त शंका येते. ज्याला चालायची आवड आहे तो मुळातच चालण्याजोगी जागा शोधून राहायला जात असेल, मग श्रेय जागेला द्यायचं की माणसाला? याचं थोडंफार उत्तर अमेरिकेतल्या एका सरकारी प्रयोगातून मिळतं. १९९०च्या दशकात पाच शहरांतल्या गरीब वस्तीतल्या कुटुंबांना चिठ्ठ्या टाकून बऱ्या वस्तीत जाण्याची संधी दिली गेली. दहा-पंधरा वर्षांनी तपासलं तेव्हा, ज्यांना ती संधी मिळाली होती त्या स्त्रियांत अतिस्थूलता आणि मधुमेह कमी निघाला. जागा चिठ्ठीनं ठरली होती, म्हणून या निकालाला वजन आहे. त्या स्त्रिया वृद्ध नव्हत्या, हेही ध्यानात ठेवायला हवं.

तिकडचे आकडे उचलून आपल्याकडे लावता येणार नाहीत. तिकडच्या उपनगरात दुकानच दोन-तीन मैलांवर असतं. आपल्या गणपत गल्लीत किंवा खडेबाजारात घर, दुकान, देऊळ सगळं एकाला एक चिकटलेलं आहे. आपलं दुखणं पायाखाली आहे.

पायाखाली म्हणजे?

गटारावरच्या फरश्यांकडे बघा. दोन फरश्यांमध्ये चार बोटांची फट असते. एखादीचा कोपरा खाली टेकलेला नसतो, पाय पडला की ती डुलते. काठीचं रबरी टोक नेमकं त्या फटीत जातं. तिशीतला माणूस विचार न करता ओलांडून जातो. मोतीबिंदू असलेल्या आजीला संध्याकाळच्या उजेडात ती फट आहे की सावली, तेच कळत नाही. म्हणून ती रस्त्यावर उतरते. मागून दुचाकी हॉर्न देत येते, ती दचकते. असं दोन-तीनदा झालं की संध्याकाळचं फिरणं सुटतं. घरी विचारलं तर ती 'गुडघा दुखतोय' एवढंच सांगते. भीती वाटते हे सांगायला म्हाताऱ्या माणसांना संकोच होतो. म्हणून गुडघ्याचं औषध आणण्याआधी ती वाट एकदा बघून या.

आपल्या देशातल्या पादचारी मार्गांच्या नियमावलीप्रमाणे पदपथ कमीत कमी १.८ मीटर मोकळा हवा आणि त्याच्या कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. टेप घेऊन आपल्या रस्त्यावर मोजून बघा. कडेची उंची गुडघ्याच्या निम्म्यापर्यंत आली असेल तर तो पदपथ तरुणांनाच उपयोगी आहे. रस्ता ओलांडण्याचंही तसंच. सिग्नलचा वेळ ठरवताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं साधारण धरतात. नऊ मीटरचा रस्ता त्या हिशेबानं साडेसात सेकंदांत पार होतो. काठी घेऊन सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्याला अकराहून जास्त सेकंद लागतात. ते जादाचे चार सेकंद त्याला भर रहदारीत काढावे लागतात.

आमच्या वयात वजन किती असावं?

किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागलं की बीएमआय येतो. भारतीयांसाठी डॉक्टर २३च्या पुढे जादा वजन आणि २५च्या पुढे स्थूलता धरतात. त्यासोबत कमरेचा घेर बघतात: पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटरपर्यंत ठीक.

पण म्हातारपणी हा आकडा फसवतो. वयानुसार पाठीचे मणके दबतात, पोक येतं, उंची घटते. समजा एका आक्कांची उंची तरुणपणी १५८ सेंटीमीटर होती, आता १५२ आहे, आणि वजन ५८ किलो. जुन्या उंचीनं बीएमआय २३च्या आसपास येतो, आताच्या उंचीनं २५. शरीरावर एक ग्रॅम चरबी न वाढता त्या 'स्थूल' ठरल्या. म्हणून म्हातारपणी एका आकड्यावर निकाल देऊ नये. सत्तरीपुढे थोडं भरलेलं अंग असण्याची मला तरी चिंता वाटत नाही. पायांत ताकद आहे का, हे मी आधी बघते. हात छातीशी घेऊन खुर्चीतून पाच वेळा उठून बसायला सांगा. १५ सेकंदांहून जास्त लागले तर ताकद कमी पडतेय.

सासूबाई वाळत चालल्यात. म्हातारपणी हलकं अंग बरंच ना?

नाही. हा गैरसमज आपल्याकडे फार खोल रुजला आहे. २०१७-१८ साली देशभर झालेल्या वृद्धत्वाच्या पाहणीत साठीपुढच्या लोकांपैकी चौथ्या हिश्शाहून जास्त लोकांचं वजन गरजेपेक्षा कमी निघालं. जादा वजनवाल्यांची संख्या त्याहून थोडी कमीच होती. काहीही प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात वजन पाच टक्क्यांनी उतरलं, म्हणजे पन्नास किलोचे साडेसत्तेचाळीस झाले, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. क्षयरोग, मधुमेह, थायरॉईड, कर्करोग, खिन्नता, यांतलं काहीही कारण असू शकतं. पोटरीचा घेर टेपनं मोजा. ३१ सेंटीमीटरपेक्षा कमी असेल तर अंगावरचं मांस झडतंय असं समजा.

दातही तपासा. दात नसलेलं माणूस भाकरी सोडतं, भाजी सोडतं आणि चहात बुडवलेल्या टोस्ट-बटरवर दिवस काढतं. बेकरी कोपऱ्यावर असते आणि भाजीची गाडी दिवसाआड येते, त्या गल्लीत तर हे हमखास होतं. गंमत अशी की याच आहारानं एकाचं पोट सुटतं आणि दुसऱ्याचं अंग झडतं.

मग खायचं काय?

निरोगी ज्येष्ठाला दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं हवीत. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच ठरवा. दूध, ताक, दही, मऊ शिजवलेली मटकी किंवा मूग, अंडी, चालत असेल तर मासे. भाकरी चावत नसेल तर ती दुधात किंवा आमटीत कुस्करा, नाचणीची आंबील करा. कुंदा सणावारी खाल्ल्यानं कुणाचं बिघडत नाही. रोजची खारी आणि चार वेळचा गोड चहा यांचा हिशेब आधी करा.

एकट्यानं जेवणारं माणूस कमी जेवतं, किंवा काहीबाही खातं. शेजारच्या दोन घरांतल्या आज्यांनी दुपारचं ताट एकत्र वाढून घेतलं तर दोघींच्याही पोटात चार घास जास्त जातात.

आम्ही खानापूर तालुक्यातले. खेड्यात सगळे चालतातच, तिथे हा प्रश्न नसेल ना?

तिथे प्रश्न वेगळा आहे. जोवर शेतात जाणं होतं तोवर वजनाची काळजी नाही. ज्या दिवशी पाय थकतो त्या दिवशी खेड्यात चालायला दुसरं निमित्तच उरत नाही. बाजार तालुक्याच्या गावी, दवाखाना तिथेच, बस दिवसातून मोजक्या वेळा. मुलं पुण्याला नाहीतर गोव्यात. घरी दोघंच, किंवा एकटंच कुणीतरी. रेशनचा तांदूळ असतो, म्हणून भात आणि सोबत लोणचं किंवा पातळ आमटी. ताजी भाजी परसात लावली तरच. पोट भरतं, पण प्रथिनं मिळत नाहीत. त्यामुळे खेड्यात वजन वाढण्यापेक्षा झडण्यावर जास्त लक्ष ठेवा. गावात येणाऱ्या आशाताईला महिन्यातून एकदा वजन करून लिहून ठेवायला सांगा.

पावसाळ्यात चार महिने काय करायचं?

जून ते सप्टेंबर बेळगावात पाऊस पाठ सोडत नाही, आणि पश्चिमेला कणकुंबीकडे तर विचारूच नका. दगडी पायऱ्यांवर शेवाळ धरतं. घरासमोरच्या चिखलात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं तर पुढचं सगळं म्हातारपण बिघडतं. म्हणून पावसात बाहेर पडण्याचा हट्ट नको. देवळाचा सभामंडप, शाळेचा व्हरांडा, समाजाचं कार्यालय, अशा छताखालच्या जागा संध्याकाळी तासभर उघड्या ठेवायला सांगा. घरी जेवणानंतर सोप्यात दहा-पंधरा मिनिटं शतपावली घाला, जेवणानंतरची साखरही त्यानं खाली राहते. खुर्चीतून उठबस दहा वेळा, दिवसातून दोनदा. भिंतीला हात टेकून एका पायावर उभं राहण्याचा सराव. ऑक्टोबरात ऊन पडलं की पाय तयार असले पाहिजेत.

बायकांचं वजन जास्त का वाढतं?

पाळी गेल्यानंतर चरबी पोटाकडे साठू लागते, हे शरीराचं कारण. शेजाराचं कारण मी त्याहून मोठं मानते. संध्याकाळी मैदानावर फेऱ्या मारताना पुरुष दिसतात; आज्या दारात बसलेल्या असतात. एकट्या बाईनं निष्कारण फिरणं अजूनही कित्येक घरांत रुचत नाही. आणि कुणी मोकळेपणानं बोलत नाही अशी एक अडचण आहे: लघवीची. साठीपुढच्या कितीतरी बायकांना ती धरवत नाही. वाटेत स्वच्छ स्वच्छतागृह नसेल तर त्या पंधरा मिनिटांपेक्षा लांब जातच नाहीत, गेल्या तर पाणी न पिता जातात. चालायला जागा दिली आणि स्वच्छतागृह दिलं नाही, तर ती जागा अर्ध्या लोकांपुरतीच झाली. ओटीपोटाच्या तळाच्या, लघवी धरून ठेवणाऱ्या स्नायूंचे व्यायाम आहेत, औषधं आहेत. डॉक्टर बाईंना न लाजता सांगा.

एक चांगलं झालं. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना सरकारी बस मोफत झाली. बसनं जाणारी बाई थांब्यापर्यंत चालते, उतरून पुन्हा चालते. देवाला जायला, लेकीकडे जायला कुणापाशी पैसे मागावे लागत नाहीत. आईला बसनं जाऊ द्या. चढताना हात द्यायला एखादी मैत्रीण बरोबर असली म्हणजे झालं.

मोकाट कुत्र्यांमुळे सकाळचं फिरणं बंद झालंय.

उजाडल्यावर निघा, दोघा-तिघांनी मिळून निघा, हातात काठी ठेवा, पळू नका. चावलंच तर जखम वाहत्या पाण्यानं साबण लावून १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा.

रोज किती चालायचं?

जागतिक आरोग्य संघटनेनं ६५च्या पुढच्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम, दोन दिवस ताकदीचे आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम सांगितले आहेत. मध्यम म्हणजे बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये इतपत. एका दमात जमत नसेल तर दहा-दहा मिनिटांचे तुकडे करा. आज शून्य असेल तर उद्या पाच मिनिटंही पुष्कळ. व्हॅक्सिन डेपोची झाडी किंवा किल्ला तलावाचा काठ जवळ असेल तर उत्तम. नसेल तर आपली गल्ली चार वेळा इकडून तिकडे.

वजनासाठी घर बदलावं का?

शक्यतो नको. म्हातारपणी ओळखीची माणसं सुटणं फार महागात पडतं. बदलायचंच असेल तर दिवाणखाना बघण्याआधी खाली उतरून किराणा, औषधाचं दुकान आणि देऊळ चालत गाठता येतं का ते बघा. लिफ्ट नसलेला तिसरा मजला घेऊ नका.

महापालिकेकडे काय मागायचं, आणि कसं?

'रस्ते सुधारा' म्हणून अर्ज दिला तर तो फायलीत पडतो. नेमकं लिहा: अमुक घरासमोरची फरशी हलते, अमुक दोन खांबांवरचे दिवे बंद, थांब्यापासून देवळापर्यंत बसायला एकही बाक नाही. दर दीड-दोनशे मीटरवर एक बाक असला तर गुडघेदुखीवालाही बाजार गाठतो. बाकाइतकी स्वस्त सोय दुसरी नाही. फोटो आणि मोजमाप जोडा. गल्लीतल्या मराठी, कन्नड, उर्दू बोलणाऱ्या सगळ्या ज्येष्ठांच्या सह्या घ्या, आणि नातवंडांकडून अर्ज कन्नडमध्येही लिहून घ्या म्हणजे टेबलावर अडायचं कारण राहत नाही. पोच घेतल्याशिवाय उठू नका. खेड्यात हेच ग्रामसभेत मांडा.

महापालिकेची वाट न बघता करण्यासारखंही आहे. हलणाऱ्या फरशीखाली सिमेंट भरायला गवंड्याला अर्धा दिवस लागतो. गल्लीतल्या मंडळांनी गणेशोत्सवाच्या वर्गणीतून एक बाक बसवला तर तो वर्षभर वापरात राहतो.

वजन बदललं की गल्लीचं कारण समजून घरीच थांबायचं का?

नाही. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, पायांवर सूज आली, आडवं पडल्यावर धाप लागते, तर ते पाणी साठल्याचं लक्षण असतं. त्याच दिवशी दवाखाना गाठा. स्टेरॉईड, इन्सुलिन आणि मनाच्या आजारावरच्या काही औषधांनीही वजन वाढतं. ती स्वतःहून बंद करू नका. चालताना छातीत आवळल्यासारखं झालं तर तिथेच बसा आणि कुणाला तरी हाक मारा. डॉक्टरांकडे जाताना गेल्या सहा महिन्यांच्या वजनाची नोंद आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या.